डाव्या बाजूचा टायर

आमच्या वाड्यावरचा रस्ता दोन गाड्यांना पुरत नाही, तरी दिवसभर त्यावर गाड्या समोरासमोर येतात आणि एकमेकींना ओलांडून जातातही. फोंडा तालुक्यातले आतले रस्ते बहुतेक असेच. एका अंगाला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार, मध्ये जेमतेम एक बस मावेल एवढं डांबर. समोरून टेम्पो आला की कुणीतरी साईड द्यायची, आणि साईड द्यायची म्हणजे डावी चाकं डांबरावरून खाली उतरवायची. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढत गेलेत आणि कडेची माती दर पावसाळ्यात वाहून जाते, त्यामुळे तिथे चांगली चार बोटं उंचीची पायरी झालेली असते. उतरताना चाक धप्पकन आपटतं. वर येताना टायरची बाजू त्या कडेला घासत चढते. टेम्पोवाला हात वर करून जातो, आपणही करतो, आणि विषय संपतो.

टायरच्या दृष्टीने संपत नाही. गोव्यात वापरलेली कुठलीही गाडी बघा, पुढचा डावा टायर आणि पुढचा उजवा टायर एकाच दिवशी बसवलेले असले तरी एका वयाचे दिसत नाहीत. डाव्याच्या बाजूवर ओरखडे जास्त, रिमच्या कडेला कुठेतरी चेपलेलं, आणि बाहेरची कड उजव्यापेक्षा गोल झालेली. ही गोल कड सर्कलची देणगी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे प्रत्येक सर्कलला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळत राहते आणि सगळा भार डाव्या चाकांवर येतो. पणजीला रोज जाणाऱ्याने वाटेतली सर्कलं नुसती आठवून बघावी. तेवढी झीज टायरच्या नशिबात आहे. तिच्यासाठी कुठे जायची गरज नाही.

माझं लक्ष गेलं ते आतल्या कडेकडे. ती सहसा कुणी बघत नाही, कारण गाडी सरळ उभी असताना ती दिसतच नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायचं, म्हणजे चाक मडगार्डमधून बाहेर डोकावतं आणि टायरचा अख्खा पट्टा समोर येतो. डाव्या टायरच्या बाहेरच्या खाचा चांगल्या खोल होत्या, मधल्याही बऱ्या, आणि सगळ्यात आतल्या खाचेतली ती रबराची छोटी उंचवट्याची पट्टी, झीज ओळखायला कंपनी मुद्दाम ठेवते ती, जवळजवळ नक्षीच्या पातळीला आली होती. ती पट्टी १.६ मिलिमीटर उंचीची असते. नक्षी तिच्याबरोबर आली की टायर संपला, आणि आपल्याकडच्या पावसात तर त्याच्या थोडं आधीच संपला असं मी धरते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र टायर अजून वर्षभर चालेल असा दिसत होता.

कुणालाही सांगा, एकच उत्तर येतं: ‘अलाइनमेंट करून घे.’ म्हणजे चाकांचे कोन जुळवून घे. ऑफिसात, पेट्रोल पंपावर, शेजारी, सगळीकडे. गाडी ओढते? अलाइनमेंट. स्टिअरिंग थरथरतं? अलाइनमेंट. टायर खाते? अलाइनमेंट. पूर्वी प्रत्येक दुखण्यावर एरंडेल द्यायचे, तसं या शब्दाचं झालंय. खरं तर गाडी टायर खाते तेव्हा कुठून खाते आणि कशी खाते यावरूनच निम्मं निदान होतं, आणि ते करायला मशीन लागत नाही.

दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला पट्टा शाबूत, म्हणजे हवा कमी. मधला पट्टा झिजलेला आणि कडा शाबूत, म्हणजे हवा जास्त. हे दोन तर सगळ्यांना ठाऊक असतात, फक्त हवा कधी तपासायची ते ठाऊक नसतं. सकाळी, गाडी थंड असताना. फोंड्याहून निघून पणजीच्या पंपावर हवा बघितली तर टायर तापलेला असतो आणि काटा दोन-चार पौंड जास्तच दाखवतो. मग पंपावरचा मुलगा ती जास्तीची हवा सोडून देतो आणि आपण कमी हवेवर घरी येतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं. पंपावरच्या मुलाच्या अंदाजापेक्षा त्याचं ऐकावं.

एकाच बाजूची कड सपाट गुळगुळीत झालेली असेल तर चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय, म्हणजे कॅम्बरचा संशय. टायरवर गोल हात फिरवत गेलं की थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागत असतील तर शॉकॲब्सॉर्बर दमलाय किंवा चाकाचा बॅलन्स गेलाय. राहिली ती करवती झीज. ती डोळ्याला नीट दिसत नाही, हाताला कळते.

हे मला मामाने शिकवलं. मामा साखळीला टायर रिमोल्डच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याच्या, दुकानात काम करायचा, खाणींचा धंदा जोरात होता तेव्हा. खनिजाचे टिपर ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत धावायचे, पावसात बंद. त्या आठ महिन्यांत त्याच्या हाताखालून इतके टायर गेले की त्याला गाडी बघावी लागत नसे. टायर उतरवून ठेवला की हात फिरवून सांगायचा, ड्रायव्हर ब्रेकवर चालवतो, नाहीतर जोडचाकातल्या आतल्या चाकात हवा नाही आणि बाहेरचं एकटंच ओझं वाहतंय. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-साखळीकडे दारादारांत ट्रक उभे दिसायचे. त्यांचे टायर न चालताच गेले. एकाच जागी बसून खाली सपाट झाले, उन्हाकडच्या बाजूला भेगा पडल्या. मामा म्हणतो, झिजून गेलेल्या टायरचं काही वाटत नाही, उभ्या उभ्या गेलेल्याचं वाटतं. असो, विषय वेगळा.

मी टायरकडे वाकून बघत बसले होते तेव्हा तो म्हणाला, “अगो बाय, बघून काय कळणार? हात फिरव. आडवा फिरव.”

आडवा म्हणजे टायरच्या रुंदीवरून, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. खवल्यांच्या माशाच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर खवले लागत नाहीत, उलटा फिरवला की बोचतात. करवती झीज अगदी तशी लागते. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक धार घासून उतरती झालेली असते आणि दुसरी धारदार राहिलेली असते. चाकाचं तोंड आत वळलेलं असेल, म्हणजे टो-इन जास्त असेल, तर हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत लागतं आणि आतून बाहेर आणताना बोचतं. तोंड बाहेर वळलेलं असेल, टो-आउट, तर बरोबर उलट. माझ्या डाव्या टायरवर हात आत नेताना बोचत होतं. उजव्या टायरवरही तेच, पण फारच हलकं. मामाने सांगितल्याशिवाय मला ते जाणवलं नसतं.

आता टो म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याभोवती आहे. गाडीकडे वरून बघतोय असं धरा. पुढची दोन चाकं एकमेकांना अगदी समांतर असतील तर टो शून्य. पुढच्या बाजूने ती जवळ आलेली असतील तर टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट. गोष्ट मिलिमीटरांची आहे. चौदा इंची रिम म्हणजे ३५६ मिलिमीटर. समजा दोन्ही चाकं मिळून टो ३ मिलिमीटरने चुकलाय, म्हणजे एकेका चाकाच्या वाट्याला दीड. तीन मिलिमीटर म्हणजे गवंड्याच्या भाषेत एक सूत, घर बांधताना कुणी मोजतही नाही. पण दीडला ३५६ ने भागा. चाक दर किलोमीटरला ४ मीटरांहून थोडं जास्त आडवं घासत जातं. फोंडा ते पणजी साधारण ३० किलोमीटर, म्हणजे एका फेरीत प्रत्येक टायर सव्वाशे मीटर डांबरावर कुशीवर ओढला जातो. येताना पुन्हा तेवढाच. महिन्याचा हिशोब वाचणाऱ्याने करावा, मी केला आणि मग दोरी आणायला गेले.

दोरी गवंड्याची, नायलॉनची, घट्ट ताणली जाणारी. घरात टो मोजण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण मला दोरीचीच पटते, कारण तिच्यात पुढची चाकं मागच्या चाकांच्या आणि सगळ्या गाडीच्या संदर्भात कळतात. रंगाचे चार रिकामे डबे वाळूने भरले, त्यांत काठ्या रोवल्या आणि गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन दोऱ्या ताणल्या. मग खरं काम, त्या दोऱ्या गाडीला समांतर आणण्याचं. डाव्या दोरीपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच उजव्या दोरीपासून. मागच्या चाकांनाही डावी-उजवी अंतरं सारखी. पुढचं आणि मागचं अंतर मात्र सारखं येईलच असं नाही, कारण बऱ्याच गाड्यांची पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फाकलेली असतात. शेवटी दोन दोऱ्यांमधलं अंतर बोनेटपुढे आणि डिकीमागे एकच आलं पाहिजे. एक डबा सरकवला की दुसरीकडचं बिघडतं. यात संध्याकाळ जाते. घाई असेल त्याने हे करू नये, सरळ मशीनवर जावं.

दोऱ्या लागल्या की पुढचं सोपं. स्टिअरिंग सरळ धरून सीटला बांधून टाकायचं. गाडी मोजण्याआधी दोन-तीन फूट पुढे ढकलायची आणि बोनेटवर जोर देऊन हलवायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर बसतं. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाकं तिरकी उभी असतात, ती तशीच मोजली तर आकडा खोटा येतो. मग स्टीलची पट्टी, जिचं शून्य अगदी टोकापासून सुरू होतं अशी, घेऊन दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंतचं आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. पुढची कड दोरीपासून लांब असेल तर टो-इन. जवळ असेल तर टो-आउट. रिम चेपलेली असेल, आणि आपल्याकडे डावी चेपलेली असतेच, तर चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं आणि दोन्हींचा मध्य धरायचा. पट्टी दोरीला नुसती टेकवायची. जरा जोर लागला की दोरी हलते आणि एक मिलिमीटर तिथेच जातो. मामा पट्टी धरून होता आणि मी आकडे लिहीत होते. चष्मा त्याचा, अक्षर माझं.

मागची चाकं आधी मोजली. लहान गाड्यांना मागे बहुतेक आडवी एकसंध बीम असते, तिथे फिरवून लावायला काही नसतं. तिथे फरक दिसला तर कधीतरी जोरात आपटून बीमच वाकली आहे, आणि मग गाडी सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग कायम थोडं तिरकं धरावं लागतं. माझी मागची बाजू ठीक निघाली. पुढे डाव्या चाकाला अर्धा मिलिमीटर टो-इन, उजव्यालाही अर्धा. एकूण एक. गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत आरामात बसत होतं.

म्हणजे टायर सांगतोय टो-आउट आणि दोरी सांगतेय टो-इन.

कॅम्बरही बघून घेतला, कारण झीज एका बाजूला जास्त होती. टो नुसता चुकलेला असेल तर तो बहुधा दोन्ही टायरांना सारखाच खातो. चालत्या गाडीत स्टिअरिंग आपोआप थोडं वळून ती चूक दोन चाकांत वाटून टाकतं. एकच टायर आतून जास्त जात असेल तर काहीतरी त्या एका चाकापुरतं असलं पाहिजे. कॅम्बरला ओळंबा पुरतो. मडगार्डसमोर काठीवरून ओळंबा सोडायचा आणि रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजायचं. चौदा इंची रिमला ६ मिलिमीटरांचा फरक म्हणजे साधारण एक अंश. मोबाईलमधलं कोन मोजणारं ॲपही चालतं, कव्हर काढून आणि सरळ पट्टीवर धरून.

पण ओळंबा खरा असला तरी अंगण खरं नसतं. पाणी साचू नये म्हणून प्रत्येक अंगणाला गटाराकडे उतार दिलेला असतो. पाण्याच्या नळीने लेव्हल बघितली तेव्हा गाडीच्या डाव्या चाकांखालची जमीन उजव्यांपेक्षा दीडेक सेंटिमीटर खाली होती. दोन चाकांतलं अंतर जवळपास दीड मीटर धरलं तर हा अर्ध्या अंशाहून जास्त फरक झाला. एका चाकाला तो मिळवला जातो, दुसऱ्याला वजा होतो, म्हणजे डाव्या-उजव्यातली तफावत एक अंशाहून जास्त दिसते आणि माणूस नको ते खोलायला निघतो. घर बांधताना उरलेल्या लाद्या डाव्या चाकांखाली सरकवल्या आणि मग मोजलं. डावीकडे अर्धा अंश आत झुकलेलं, उजवीकडे त्याहून थोडं कमी. त्यात आतली कड खाण्याएवढं काही नव्हतं.

मशीनवर मी गेलेच होते त्याआधी. तिथलाही कागद सगळा हिरवा आला होता. चाकांवर चौकोनी पाट्या लावतात, समोरच्या खांबावरचे कॅमेरे त्या वाचतात, आणि पडद्यावर आकडे लाल-हिरवे होतात. मशीन खोटं बोललं नव्हतं आणि दोरीही नाही. दोघांनी उभी गाडी मोजली. टायर झिजतो तो चालत्या गाडीचा.

हे मला लक्षात यायला हवं होतं असं मामाच्या चेहऱ्यावर होतं, पण त्याने बोलून दाखवलं नाही. त्याने एवढंच विचारलं, “ब्रेक लावल्यावर गाडी कुठे जाते?” डावीकडे जायची. फर्मागुढीची उतरण उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंगला एक हलका हिसका बसायचा, आणि स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूने एकदाच ‘टक’ असा आवाज यायचा. मी ते जुन्या गाडीचे आवाज म्हणून सोडून दिले होते. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला आणि वर स्टेपनीचं चाक काढून दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवं सरकवलं, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणाचाही हात गाडीखाली जाऊ नये. चाक ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवलं तर टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, खेळ कळतो, १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा. तसलं काही सापडलं नाही. मग मामाने डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून दाब दिला. रबर अर्ध्यापर्यंत फाटलं होतं आणि आर्म बोटभर मागे जाऊन परत आला.

एवढंच होतं सगळं. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा हात, आणि त्याचा सांधा रबरी बुशवर असतो. ते रबर फाटलं की गाडी उभी असताना चाक आपल्या जागी बसलेलं असतं, पण ब्रेक लावला, खड्डा आला, साईड द्यायला खाली उतरून वर चढलो, की चाक मागे ढकललं जातं, त्याचा टो आणि कॅम्बर दोन्ही क्षणभर बदलतात, आणि पुन्हा जागेवर येतात. दिवसभर हेच चालू. डाव्या बाजूचंच बुश का गेलं हे विचारायला नको, वाड्यावरच्या रस्त्याची ती चार बोटांची पायरी पुरेशी आहे. बुश स्वस्त निघालं. ते प्रेसवर काढायला-घालायला जी मजुरी लागली ती त्याहून जास्त होती, आणि दोन्ही मिळून एका नव्या टायरपेक्षा बरीच कमी.

या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालंय की अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे. आधी हवा, मग बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग यांचा खेळ, मग दोरी किंवा मशीन. सांधे सैल असताना टो लावणं फुकट जातं. आणि दुकानांतून मिळतं ते ‘अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन’ असं एकत्र पॅकेज मला अजिबात पटत नाही. तिन्ही कामं चांगली, पण एकाच वेळी केली की कशाने बरं वाटलं ते कळत नाही. बॅलन्स गेल्याची खूण वेगळी असते. गाडी ऐंशीच्या आसपास गेली की स्टिअरिंग थरथरतं, त्याखाली गप्प. आतल्या रस्त्यांवर ते कधी कळतच नाही. पेडणेकडे चौपदरी हायवेला लागल्यावर अचानक कळतं आणि लोकांना वाटतं गाडीला आजच काहीतरी झालं. टायरची जागा बदलणं तर पुरावा पुसण्यासारखं. पुढचा आतून झिजलेला टायर मागे गेला की पुढे काय बिघडलंय ते पुढचे काही महिने कुणालाच कळणार नाही. बदलायचा तर जरूर बदला, पण आधी चारही टायरांचे फोटो काढून ठेवा, कुठला कुठे होता ते लिहून.

गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार आपल्याकडे सगळ्यात फसवी. आपले रस्ते पावसासाठी मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात, आणि आपण डावीकडून जातो, म्हणजे कायम उतारावर. स्टिअरिंग सैल सोडलं की चांगली गाडीही हळूहळू डावीकडे जाणार. जायला हवीच. रस्त्याच्या मधोमध जायला मिळालं की ओढ थांबते का ते बघावं. सपाट आणि सरळ रस्ता गोव्यात शोधावा लागतो. पहाटे, वाहतूक नसताना, रायबंदर ते पणजीचा कॉजवे मला त्यासाठी बरा वाटतो. १६३३-३४ साली पोर्तुगिजांनी तो बांधला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण आजूबाजूला मिठागरं आणि पाणी असल्यामुळे तीनेक किलोमीटर चढ-उताराचा प्रश्नच येत नाही. हात स्टिअरिंगवर हलका ठेवायचा, सोडायचा नाही. तिथेही ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघायचं. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत, अलाइनमेंटमध्ये नाही. फक्त बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर असे बदलू नयेत. ओढ आहे तिथेच राहिली तर कॅम्बर आणि कॅस्टरकडे वळायचं. कॅस्टर म्हणजे चाक ज्या कण्याभोवती वळतं तो बाजूने बघितल्यावर किती तिरका आहे ते. गाडी ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं असेल त्या बाजूला ओढते.

बुश बदलल्यावर टो पुन्हा लावावा लागतो, कारण आर्म खाली-वर झालेला असतो. तो आम्ही घरी लावला नाही. लावता येतो. टाय रॉडचं लॉकनट सैल करायचं आणि रॉड फिरवायचा. पाव फेरा साधारण एक मिलिमीटर बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच फिरवायचा, नाहीतर टो बरोबर येतो आणि स्टिअरिंग मात्र तिरकं राहतं. पण आपल्या खाऱ्या हवेत ते लॉकनट गंजून रॉडशी एकजीव झालेलं असतं. आदल्या रात्री गंज सुटण्याचं तेल मारून ठेवलं तरी कधी कधी पाना घसरून बोटं फुटतात, आणि ते नट नीट आवळलं गेलं नाही तर भर रस्त्यात काय होईल याचा विचारही नको. म्हणून पुन्हा मशीनवर गेले, पण या वेळी काय मागायचं ते माहीत होतं. काम सुरू करण्याआधीचे आकडे छापून द्या. मागच्या चाकांचेही द्या. स्टिअरिंग सरळ बांधून मग लावा. आणि माझ्यासमोर लॉकनट आवळा. दुकानातल्या मुलाला हे सगळं थोडं विचित्र वाटलं, पण त्याने केलं, आणि शेवटी त्यानेच खाली वाकून उजवं लॉकनट पुन्हा एकदा आवळून दाखवलं.

जुना डावा टायर बदलावाच लागला. कड एकदा करवती झाली की दोष काढला तरी टायर तसाच आवाज करत राहतो आणि झीज पुढे चालूच राहते. नवा बसवताना बाजूवरचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून घेण्यात अर्थ नाही. मला हवी होती ती जोडी, डावा-उजवा एकाच आठवड्याचे, मिळाली नाही. तीन आठवड्यांच्या फरकाचे मिळाले, तेवढं चालतं. टायर उसगावच्या एमआरएफचे आहेत का असं मामाने विचारलं. त्याच्या मते घराजवळच्या कारखान्यातला टायर असेल तर पावसाचं पाणी त्याला ओळखीचं असतं. यावर मी काही बोलले नाही.

सध्या लक्ष मागच्या डाव्या टायरकडे आहे. हात लांबीच्या दिशेने फिरवला की दीड-दोन वितींवर हलका खळगा लागतो, पुन्हा चढ, पुन्हा खळगा. हवा बरोबर आहे, बुशला खेळ नाही. गाडीचा मागचा डावा कोपरा दाबून सोडला की एकदा वर येऊन थांबायला हवा, तो दोनदा डुलतो. मामा म्हणाला, शॉकॲब्सॉर्बर, आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचे बदल. चवथीला गाडी भरून गावाला जायचंय, माटोळीच्या सामानासकट, तेव्हा त्याआधीच करून टाकते. गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय, तो म्हणाला शनिवारी या, आणि येताना अलाइनमेंटही बघून घेऊ.